मूल वाढवायला शिकायचं तर सरकार काय देतं? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या वेळी विषय दिला होता, आईवडिलांना मूल वाढवण्याबद्दल शिकायचं असेल तर सरकारकडून काय मदत मिळते. नागपूर आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून भरपूर प्रश्न आले. बरेच सारखे होते ते एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत, फक्त भाग ठेवलाय. अंगणवाडी ताया आणि पालकांसोबत काम करते म्हणून जे रोज समोर दिसतं त्यावरूनच लिहितेय.

माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. आम्ही हुडकेश्वरला नवीन लेआउटमध्ये राहतो. ऑनलाइन एक पॅरेंटिंग कोर्स बघितला, फी साडेसहा हजार. मिस्टर म्हणतात सरकारचं फुकट काही असेल तर ते आधी बघ. सासूबाई म्हणतात अंगणवाडी गरिबांसाठी असते, आपण कशाला जायचं. खरं काय आहे?

ताई, मिस्टरांचं ऐका. आणि सासूबाईंना सांगा की अंगणवाडी गरिबांची हा समज पार जुना आहे, सुप्रीम कोर्टाने केव्हाच सांगून ठेवलंय की या सेवा सहा वर्षांखालच्या प्रत्येक लेकराला मिळाल्या पाहिजेत. रेशन कार्ड पिवळं का केशरी का पांढरं हे कोणी विचारायचं नाही. आधार आणि बाळाचं कार्ड घेऊन जायचं, नाव नोंदवायचं, बस.

आता शिकण्याचं. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, त्यात सहा सेवा ठरवल्या आणि त्यातली एक होती पोषण व आरोग्य शिक्षण, म्हणजे लेकरांसाठी नाही, आयांसाठी, १५ ते ४५ वयाच्या बायांसाठी. पहिल्या दिवसापासून हे त्यात आहे. पण आपल्या डोक्यात अंगणवाडी म्हटलं की खिचडी आणि टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची, पाकिटं एवढंच येतं, त्यामुळे शिकण्याचा भाग कोणी मागतच नाही आणि जे मागितलं जात नाही ते हळूहळू बाजूला पडतं.

अलीकडे मात्र चांगलं काम झालंय. आपल्या राज्यात 'आरंभ' आहे, शून्य ते तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांसाठी. महिला व बाल विकास विभाग, युनिसेफ आणि आपल्या शेजारचीच सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांनी मिळून ते उभं केलं, आधी यवतमाळ आणि औरंगाबाद जिल्ह्यात करून बघितलं मग पुढे वाढवलं. त्यात दोन गोष्टी मुख्य, ताई घरी येऊन बोलते ती गृहभेट आणि दुसरा पालक मेळावा. केंद्र सरकारने पण २०२४ मध्ये 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला, जन्मापासून तीन वर्षांपर्यंतचा, त्यात ३६ महिन्यांचं महिन्यागणिक कॅलेंडर आहे आणि १४० कृती दिल्यात. तुमच्या साडेसहा हजारांच्या कोर्समध्ये यापेक्षा वेगळं फार काही असेल असं मला वाटत नाही.

कृती म्हणजे काय तर अगदी घरातल्या गोष्टी. तुमच्या मुलीच्या वयाचं उदाहरण देते. तीन स्टीलच्या वाट्या उपड्या घाला, एका वाटीखाली तिच्या देखत लिंबू लपवा आणि विचारा कुठे गेलं लिंबू? ती वाटी उचलेल, चुकीची उचलली तर हसा, बरोबर उचलली तर टाळ्या वाजवा, मग तिला लपवू द्या आणि तुम्ही शोधा, आणि हे सगळं करताना बोलत राहा, वाटी उघड, लिंबू पिवळं, घे तुझ्या हातात. एवढ्यात लक्ष ठेवणं, आठवणं, हात वापरणं, शब्द ऐकणं, पाळीपाळीने खेळणं सगळं येतं. खर्च शून्य. ज्या मेळाव्यात हे होतं तिथे आया बघून म्हणतात, हे तर आम्ही करतोच. हो ना, करतोच, फक्त हे महत्त्वाचं आहे हे कोणी सांगितलेलं नसतं म्हणून कामाच्या गडबडीत पहिलं तेच सुटतं.

अजून एक, डिलिव्हरीच्या वेळी मिळालेलं माता व बाल संरक्षण कार्ड लसीच्या तारखा बघून कपाटात ठेवलं असेल तर काढा. कोणत्या महिन्यात बाळ काय करायला लागतं आणि तुम्ही त्याच्याशी काय खेळायचं हे त्यात चित्रांसकट दिलंय. आशाताईंच्या घरभेटी पण असतात, ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. शहरात त्यांचं लक्ष आधी वस्त्यांकडे असतं त्यामुळे तुमच्या लेआउटमध्ये त्या आपणहून येतीलच असं नाही, पण १५ वा महिना लागतोच आहे, जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन विचारा.

आम्ही तीन लेकरं वाढवली, कोणत्या सरकारनं शिकवलं नाही. आता सूनबाई मेळाव्याला जाते, आल्यावर मला सांगते बाबा असं करा तसं करू नका. सरकारनं काहून घरात यायचं? (महालमधून एक आजोबा)

काका, तुमचा राग समजतो मला. आणि तुमच्याकडे जे आहे ते कोणत्याच कोर्समध्ये नाही. अंगाई, बडबडगीतं, तेल लावून मालिश, मांडीवर बसवून गोष्ट, तान्ह्या पोळ्याला नातवाचा लाकडी नंदी सजवून त्याच्यासोबत दारोदार फिरणं, त्याला प्रत्येक घरी काय म्हणायचं ते शिकवणं, आजचे मेंदूचे डॉक्टर जे करा म्हणतात ते हेच. मेळाव्यात आजीआजोबांना बोलवा असं मी प्रत्येक ताईला सांगते ते त्यासाठीच.

पण काका, तुम्ही लेकरं वाढवली तेव्हा घरात किती माणसं होती ते आठवा. काकू, आत्या, शेजारची, कोणीतरी बाळ घ्यायचं. आज नंदनवनच्या वन बीएचकेमध्ये एक बाई आणि एक बाळ दिवसभर एकटे असतात. तिला विचारायला कोणी नाही. ती मोबाइलवर विचारते आणि तिथे दहा जण दहा गोष्टी सांगतात.

आणि काही जुन्या गोष्टी सोडाव्याच लागतात हे पण खरं. बाळ जन्मल्यावर मध चाटवणं, घुटी, वरचं पाणी, हे नको. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणी सुद्धा नाही, आणि मध एक वर्षाआधी अजिबात नाही कारण त्यातून बाळाला बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. घरात शिकवल्याने काय होतं हे बघायला लांब जायची गरज नाही, आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवलं, त्या घरोघरी जाऊन बाळाला गुंडाळणं, स्तनपान, जंतुसंसर्ग ओळखणं हे आयांना शिकवायच्या आणि उपचारही करायच्या. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात ते छापून आलं आणि पुढे २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या त्या यावरूनच.

आणि फक्त जीव वाचण्याचं नाही. जमैकात किंग्स्टनला कुपोषणाने वाढ खुंटलेल्या लेकरांच्या घरी आरोग्य सेविका दर आठवड्याला तासभर जायची, आईसोबत बसून बाळाशी खेळायचं कसं ते दाखवायची, दोन वर्षं. खेळणी घरगुतीच. ती लेकरं मोठी झाल्यावर, २० वर्षांनी तपासलं तर त्यांची कमाई तशाच पण भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्के जास्त होती. म्हणून म्हणते काका, सरकारने घरात यावं, पण पाहुण्यासारखं यावं, विचारून यावं. मुलांच्या हक्कांचा जो संयुक्त राष्ट्रांचा करार आहे, जो भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, त्यातलं १८ वं कलम पण असंच म्हणतं, मूल वाढवायची पहिली जबाबदारी आईवडिलांची आणि सरकारने त्यांना मदत करायची. पुढच्या मेळाव्याला सूनबाईसोबत तुम्हीच जा, एक जुनी गोष्ट सांगा तिथे.

मुलगा अडीच वर्षांचा, मम्मा-पप्पा सोडून काही बोलत नाही. जेवताना मोबाइल लागतोच. घरचे म्हणतात पोट्टे उशिराच बोलतात, याचा बाप पण चार वर्षांनी बोलला. थांबू का? (कळमना)

नाही ताई, थांबू नका. या एका वाक्याने, मुलं उशिराच बोलतात, फार लेकरांची महत्त्वाची वर्षं वाया घालवलीत. १६ महिन्यांपर्यंत एकेक शब्द नाही, २४ महिन्यांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून बोलत नाही (पाणी दे, बाबा ये असं), तर दाखवायचं. कदाचित काहीच निघणार नाही आणि छानच आहे मग, पण दाखवून घ्यायचं.

कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, शून्य ते १८ वयापर्यंत. त्याचं आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर हे तपासतं. पथकाची वाट बघायची पण गरज नाही, अंगणवाडी ताईला किंवा सरकारी दवाखान्यात सांगा की बोलण्यात उशीर आहे, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राला पाठवा. सगळे त्याला डीईआयसी म्हणतात, तुम्ही पण तेच म्हणा, पटकन कळतं. तिथली तपासणी आणि उपचार फुकट असतात. सगळ्यात आधी कानाची तपासणी करायला सांगा. आपण हाक मारली की तो बघतो म्हणून कान चांगले असं समजू नका, काही मुलांना थोडंच ऐकू येतं आणि ती चेहरा बघून अंदाज बांधतात. नावाने हाक मारल्यावर बघतो का, बोट दाखवून वस्तू मागतो का, तुम्हाला काही दाखवायला आणतो का, हे दोनतीन दिवस नीट बघून कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा, त्याने त्यांना खूप मदत होते.

आणि बघा, हे पण पालकशिक्षणच आहे, कारण थेरपिस्ट आठवड्यातून पाऊण तास भेटेल, बाकीचा सगळा वेळ तो तुमच्याजवळ आहे, त्यामुळे चांगला थेरपिस्ट मुलापेक्षा जास्त तुम्हाला शिकवतो. तुम्हाला बाहेर बसवून दार लावून घेत असतील तर आत बसू द्या म्हणा.

मोबाइलचं. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि दोन ते पाचमध्ये जास्तीत जास्त एक तास, तो पण मोठ्यांसोबत. तुम्ही एकट्या स्वयंपाक करता, त्याला मोबाइल दिल्याशिवाय पोळ्या होत नाहीत हे मला माहीत आहे, स्वतःला दोष देऊ नका. एकदम बंद करू नका, आधी फक्त एका जेवणाचा मोबाइल काढा. ओट्याजवळ खाली बसवून कोथिंबीर निवडायला द्या, सांडेल, सांडू द्या, आणि बोलत राहा. तो रडेल तीनचार दिवस. मग कमी होतं.

मी मिहानच्या औद्योगिक भागात शिफ्टला आहे. आमच्या अंगणवाडीतला पालक मेळावा बुधवारी दुपारी असतो आणि नाव पालक असलं तरी सगळ्या आयाच. एकदा गेलो तर सगळ्या बघायला लागल्या. बापांसाठी काही नाही का?

भाऊ, तुम्ही गेलात हेच मोठं आहे. परत जा.

आपल्याकडची सगळी योजना आई धरून केलेली आहे. खासगी नोकरीत आईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर पाहिजे असाही त्यात नियम आहे, पण बापाबद्दल त्या कायद्यात एक दिवस नाही. केंद्र सरकारी नोकरी असेल तर १५ दिवस. राज्य सरकारने १८० दिवसांची बाल संगोपन रजा दिली ती पण महिला कर्मचाऱ्यांना, पुरुषाला कधी तर बायको वारलेली असेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तेव्हा. म्हणजे आई नसली तरच बाप मोजायचा. मला हे अजिबात पटत नाही आणि बदललं पाहिजे असं मी प्रत्येक ठिकाणी बोलते.

तोपर्यंत काय करायचं? पालक मेळाव्याची वेळ दिल्लीतून ठरत नाही, ताई आणि सुपरवायझर मॅडम ठरवतात. चार बाप मिळून जा आणि म्हणा एक मेळावा रविवारी सकाळी घ्या, आम्ही खुर्च्या लावतो, पाणी भरतो. मी बघितलंय, एका वस्तीत असा रविवारचा मेळावा झाला, एक ऑटोवाले दादा आधी कोपऱ्यात हात बांधून उभे होते, ताईने त्यांच्या हातात पाण्याची बादली, एक बाटलीचं झाकण आणि एक दगड दिला आणि म्हणाली विचारा लेकराला काय तरंगेल. पोरीने दगड टाकला, पाणी उडालं, दोघं ओले. मग ते दादा तिथून उठेचनात, दुसऱ्यांची लेकरं पण गोळा करून बसले, मग पान, चप्पल, चावी सगळं टाकून झालं. दोन तास. शिफ्टवाल्या बापाला रोज दोन तास मिळणार नाहीत, पण अंघोळ तुमची, झोपायची गोष्ट तुमची असं एक काम ठरवून घ्या आणि ते कोणाला देऊ नका.

आमच्या वस्तीत अंगणवाडीच नाही. जवळची आहे ती रिंग रोडच्या पलीकडे, लहान लेकरं घेऊन रोड कसा ओलांडायचा? (वाठोडा)

सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २००६ चा निकाल आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, त्यांनी मागणी केली तर तीन महिन्यांच्या आत द्यायची. म्हणून आधी यादी करा, मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, घराचा पत्ता. ४० च्या वर होतील तेवढी लिहा. सगळ्या पालकांच्या सह्या घ्या, अर्जात या निकालाचा उल्लेख करा, तुमच्या भागाच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या ऑफिसात द्या आणि एका कॉपीवर पोचचा शिक्का तारखेसकट घ्याच घ्या. शिक्का नसेल तर तीन महिने मोजायचे कुठून? एक प्रत नगरसेवकाला पण द्या. खोली मिळत नाही हे कारण नेहमी सांगतात, तर वस्तीतलं समाज मंदिर किंवा भाड्याची खोली आधीच बघून ठेवा.

मी स्वतः अंगणवाडी सेविका आहे, मौदा तालुका. मॅडम तुम्ही सगळ्यांना सांगता ताईकडे जा, ताई घरी येईल. पोषण ट्रॅकर ॲप, वजन-उंची, आहार, सर्व्हे, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, मुलांना शिकवणं, आणि वरून गृहभेटी. नीट बसून बोलायला वेळ कुठून आणू?

ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला आणि मुद्दाम छापतेय, म्हणजे बाकीच्यांनी वाचावा. सरकारला पालकशिक्षण हवंय पण ते ज्या बाईच्या जोरावर होणार तिला मानधनावर ठेवलंय आणि तिच्या दिवसातला वेळ ॲपमध्ये जातोय. २५ एप्रिल २०२२ ला सुप्रीम कोर्टाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, त्यात तुमच्या कामाबद्दल जे लिहिलंय ते वाचून बरं वाटतं, पण माझं मत स्पष्ट आहे, हे पूर्ण वेळेचं, कौशल्याचं काम आहे आणि त्याला तसाच पगार पाहिजे. नवीन आराखडे कितीही सुंदर काढा, ताईला लेकरासोबत आणि आईसोबत निवांत अर्धा तास मिळत नसेल तर ते आराखडे कागदावरच राहतात.

तुमच्या हातातलं सांगायचं तर, महिन्यातून दोनदा समुदाय आधारित कार्यक्रम घ्यावाच लागतो ना, अन्नप्राशन, सुपोषण दिवस वगैरे, मेळावा वेगळा न घेता त्यालाच जोडा. गृहभेटीत दहा मेसेज द्यायला जाऊ नका. एकच कृती, ती पण तुम्ही करून दाखवायची नाही, आईला करू द्यायची आणि तिने जे चांगलं केलं तेवढंच बोलायचं. बघ तू बोललीस तर कसा बघितला तुझ्याकडे. पाच मिनिटांची अशी भेट अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा चांगली. आधी कमी वजनाच्या बाळाची, जुळ्यांची, एकट्या आईची, दारूचा त्रास असलेली घरं धरा. बाकीच्या घरी महिना उशीर झाला तर चालेल.

आणि वाचणाऱ्या पालकांना, ताई घरी आली तर उभ्या उभ्या सही करून पाठवू नका, बसवा तिला.

सरकार मातृवंदनाचे पैसे देतं, लेक लाडकीचे देतं. मग पैसे देताना पॅरेंटिंगचा कोर्स कंपल्सरी का करत नाही? सर्टिफिकेट आणा, पैसे घ्या. (धरमपेठ)

हा प्रश्न खूप जणांनी विचारला आणि बहुतेक सगळे अशा घरांतले आहेत ज्यांना या योजना लागू होत नाहीत. थोडं थांबून विचार करू या. मातृवंदनात पहिल्या बाळाला ५,००० मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००, आणि त्याला गरोदरपणाची नोंदणी, तपासणी, लसीकरण या अटी आहेतच. लेक लाडकी पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांसाठी, मुलगी १८ ची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,०००. म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे शिकायची सक्ती फक्त गरीब बाईला होणार. ती मजुरी बुडवून कोर्सला बसेल आणि सर्टिफिकेटसाठी चकरा मारेल. धरमपेठेतल्या घरात लेकराला मारत नाहीत, मार्कांवरून टाकून बोलत नाहीत असं आहे का? मला तसं दिसत नाही.

बाहेर काय झालं ते बघू. फिनलंडमध्ये १९३८ पासून आईला बाळाच्या सामानाची पेटी मिळते, आधी गरीब आयांना होती, १९४९ पासून सगळ्यांना. अट एकच, चौथा महिना संपायच्या आत तपासणीला जायचं. श्रीमंत-गरीब सगळ्यांनाच तीच पेटी, त्यामुळे लाज वाटायचं कारण नाही. उलट इंग्लंडने २०१२ मध्ये तीन ठिकाणी पाच वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना पॅरेंटिंग क्लाससाठी १०० पौंडांची व्हाउचरं वाटली, फुकट, आणि सरकारला अपेक्षा होती त्यापेक्षा खूप कमी लोक आले. क्लासला जाणं म्हणजे आपण वाईट आईबाप आहोत असं कबूल करणं, अशी लोकांची भावना असते. आपल्याकडे पण तेच होईल.

मला विचाराल तर लोक जिथे आधीच येतात तिथे शिकवा. लसीकरणाच्या दिवशी आया तासभर बाकावर बसलेल्या असतात, नुसत्या. तिथे एक चटई, चार डबे आणि एक बोलणारी ताई ठेवा. शाळेत पहिलीत नाव घालताना 'पहिले पाऊल' या सरकारी मोहिमेचा शाळापूर्व तयारी मेळावा होतो, तिथे मुलांच्या स्टॉलसोबत पालकांना मार्गदर्शनाचा स्टॉल असतो आणि मग मोहल्ल्यात आयांचे गट बनतात, हे मला फार आवडतं कारण त्यात आई आईकडून शिकते. हे जोरात करा, सगळ्यांसाठी करा. सक्ती नको.

मुलगा १३ वर्षांचा, दार लावून बसतो, उलट बोलतो, मागच्या महिन्यात मिस्टरांनी हात उचलला. सरकारचं सगळं लहान बाळांसाठीच का? (जरीपटका)

बरोबर पकडलंत, सहा वर्षांनंतर फार कमी आहे. जे आहे ते सांगते. १० ते १९ वयासाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, सरकारी दवाखान्यात मैत्री क्लिनिक असतं, तिथला समुपदेशक मुलाशी वेगळं आणि तुमच्याशी वेगळं बोलू शकतो. मनाच्या त्रासासाठी सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, मराठीत पण बोलतात, तिथे फक्त मुलांनीच फोन करायचा असं नाही, थकलेल्या आईने पण करायचा. मुलाची शाळा सीबीएसई असेल तर बोर्डाने २०२५-२६ साठी पॅरेंटिंग कॅलेंडर काढलंय, शाळेला विचारा तुम्ही काय घेतलं त्यातलं. अनुदानित किंवा महापालिकेची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के पालक असतात, तिथे बसून किशोरवयीन मुलांच्या पालकांसाठी एक बैठक मागा, तो तुमचा अधिकार आहे.

हात उचलल्याचं. शिक्षकाने मारणं शिक्षण हक्काच्या कायद्याने बंद केलंय, मग घरात का चालतं? मिस्टरांनी मुलाची माफी मागावी, साध्या शब्दांत, मी मारलं ते चुकलं. बापाचा मान त्याने कमी होत नाही. १३ वर्षांचा मुलगा तेव्हाच दार थोडं उघडतो.

मिस्टर दोन वर्षांपूर्वी वारले. दोन मुलं, ९ आणि ५. धुणीभांडी करते. मला शिकवणी नको, आधी घर चालायला पाहिजे. (कामठी)

ताई, अगदी खरं आहे तुमचं, पोट भरलेलं नसेल तर कसलं पालकत्व शिकायचं. तुमच्यासाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे तिला. आईवडिलांपैकी एक नसलेल्या मुलांना पण ती लागू होते, १८ वर्षांपर्यंत, एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, २०२३ मध्ये वाढवून एवढे केले. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात. मिस्टरांचा मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दोघांचे जन्मदाखले आणि आधार, शाळेचं बोनाफाईड, रहिवासी दाखला, तुमचं बँक पासबुक, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स घेऊन जा. घरी चौकशीला माणूस येतो, घाबरू नका, ती पद्धतच आहे. एजंटला एक रुपया देऊ नका, अर्ज फुकट असतो. लहान पाच वर्षांचा आहे तर त्याचं नाव अंगणवाडीत असेलच, नसेल तर उद्याच घाला, तुम्ही कामावर असताना निदान सकाळी तो तिथे राहील आणि गरम जेवण मिळेल. आणि त्याच ताईला सांगा की बालसंगोपनचा अर्ज भरायला मदत करा, बहुतेक तायांना तो फॉर्म माहीत असतो.